काफिला : व्यापारी जहाजांचे रक्षण आणि १९१७ चा धडा



'काफिला' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंटातील उंटांची रांग उभी राहते. परंतु गोमंतकाच्या किनाऱ्यावर हा शब्द समुद्रावरही चालत असे. मलबारी लढाऊ नौकांचे हल्ले वाढले तेव्हा, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, खंबायतकडे जाणारी आणि कानड्यातून तांदूळ आणणारी गलबते पोर्तुगीजांनी एकेकटी न सोडता एकत्र काढण्याची आणि त्यांच्यासोबत लढाऊ नौका देण्याची रीत पाडली. त्यात जकातीवर लक्ष ठेवण्याचा हेतू होताच. तरीही गोवा शहराचे अन्न या काफिल्यांवर अवलंबून होते, हेही तितकेच खरे. ब्रिटनलाही ही रीत अपरिचित नव्हती. फ्रान्सशी युद्ध चालू असता १७९८ मध्ये तेथील पार्लमेंटाने परदेशी जाणाऱ्या जहाजांवर ताफ्यातून जाण्याची सक्ती केली होती. असे असताना शंभर-सव्वाशे वर्षांनी जगातील सर्वांत बलाढ्य आरमाराने हाच उपाय नाकारला. तो का नाकारला, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

१ फेब्रुवारी १९१७ रोजी जर्मनीने अनिर्बंध पाणबुडीयुद्ध पुन्हा सुरू केले. ब्रिटनचे धान्य, खनिज तेल, लाकूड आणि धातू समुद्रमार्गे येत. एप्रिल महिन्यात दोस्त व तटस्थ राष्ट्रांची मिळून साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजे बुडाली. ब्रिटिश बंदरांतून दूरच्या सफरीवर निघालेल्या दर चार जहाजांपैकी एक परत येत नव्हते. हे असेच चालू राहिले तर युद्ध हरावे लागेल, अशी स्पष्ट कबुली आरमारप्रमुख ॲडमिरल जेलिको यांनी त्याच महिन्यात अमेरिकेचे ॲडमिरल सिम्स यांच्यापाशी दिली.

उपाय चालू नव्हते असे नाही. विनाशिका आणि गस्ती नौका रात्रंदिवस पाणबुड्यांचा शोध घेत होत्या. परंतु पाण्याखाली दडलेल्या शत्रूला अफाट समुद्रात हुडकणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे होय. गस्त पुढे सरकली की पाणबुडी वर येई आणि मागून येणारे एकटे जहाज गाठी. ताफा काढावा असे कोणी सुचविले की आक्षेपांची रांग उभी राही : व्यापारी कप्तानांना रांग धरून जहाज हाकता येणार नाही, सर्वांत मंद जहाजाच्या गतीने सर्वांना जावे लागेल, बंदरांत एकदम गर्दी होईल, शत्रूला एकाच ठिकाणी मोठे लक्ष्य मिळेल. या आक्षेपांच्या मुळाशी एक मनोवृत्तीही होती. पाठलाग हे शौर्याचे काम आणि मालवाहू जहाजांची सोबत हे राखणदाराचे काम, अशी अनेक अधिकाऱ्यांची समजूत होती.

सर्वांत मोठा अडसर मात्र एका आकड्याचा होता. ब्रिटिश बंदरांत दर आठवड्याला सुमारे २,५०० जहाजे येतात आणि तितकीच जातात, असे प्रसिद्ध केले जात असे. शत्रूपुढे धीर दाखविण्यासाठी दिलेल्या या आकड्यात किनाऱ्यालगत ये-जा करणाऱ्या लहानसहान नौकाही मोजलेल्या होत्या. इतक्या जहाजांना सोबत देणे कोणत्याही आरमारास अशक्यच होते. कमांडर रेजिनाल्ड हेंडरसन यांनी नौकानयन खात्याकडून माहिती मिळवून खरा हिशेब मांडला. महासागर ओलांडून येणारी जहाजे आठवड्याला अवघी १२० ते १४० होती. शत्रूला दाखविण्यासाठी मांडलेल्या आकड्याने घरच्यांचीच दृष्टी झाकली होती.

त्याच सुमारास फ्रान्सला कोळसा नेणारी जहाजे सोबतीने जात होती आणि त्यांचे नुकसान नगण्य होते. अखेर एप्रिलच्या शेवटी जेलिको यांनी संमती दिली आणि १० मे १९१७ रोजी जिब्राल्टरहून प्रायोगिक ताफा निघाला. तो एकही जहाज न गमावता पोहोचला. ज्यांना रांग धरता येणार नाही असे म्हटले होते, त्या कप्तानांनी ती उत्तम धरली. पुढे ताफ्यातील जहाजांच्या हानीचे प्रमाण शेकडा एकाहूनही खाली राहिले.

याचे कारण साधे आहे. वीस जहाजे विखुरली तर पाणबुडीला वीस संधी मिळतात. ती एकत्र निघाली तर बहुधा एकच, आणि तीही हुकण्याचा संभव अधिक. विशाल समुद्रात ताफा हा एका जहाजाहून फारसा मोठा ठिपका नसतो. शिवाय शिकार साधायची तर पाणबुडीला विनाशिकांच्या टप्प्यात यावेच लागते. ज्या शत्रूला शोधता येत नव्हते, तो आपण होऊन रक्षकांसमोर येऊ लागला.

हा धडाही टिकला नाही. १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जहाजे पुन्हा एकेकटी जात होती आणि शहरांच्या दिव्यांच्या पार्श्वभूमीवर जर्मन पाणबुड्यांना ती स्पष्ट दिसत होती. मे महिन्यात तेथे ताफे सुरू होईपर्यंत शेकडो जहाजे बुडाली.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटच्या दक्षिणेस 'पर्शिया' हे प्रवासी जहाज पूर्वसूचना न देता बुडविण्यात आले. ते मुंबईकडे येत होते. तीनशेहून अधिक माणसे गेली आणि त्यांत भारतीय खलाशी पुष्कळ होते. ज्या पी. अँड ओ. कंपनीचे हे जहाज, तिच्या भोजनगृहांत आणि मुदपाकखान्यांत गोमंतकीय तारवटी पिढ्यान्‌पिढ्या राबले. मुंबईच्या मस्जिद बंदर भागातील खलाशी सदनात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे. समुद्राखेरीज त्यांना दुसरी कबर नाही.

आरमाराचा पराक्रम त्याने बुडविलेल्या शत्रूच्या नौकांवरून मोजण्याची आपल्याला सवय आहे. ताफ्याच्या रक्षकांनी कित्येक सफरींत एकही गोळा झाडला नाही, आणि तरीही त्या सफरी यशस्वी ठरल्या, कारण जहाजे बंदराला लागली. रक्षणाचे यश असे निःशब्द असते. म्हणून ते लवकर विसरले जाते, आणि त्या विस्मरणाची किंमत मोजावी लागते ती तारवावरच्या अनाम माणसाला. आपल्या गावांतील किती घरांतून असे तारवटी गेले आणि परतले नाहीत, याची नोंद आपण, विशेषतः या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी, करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.