नकुसाचं नाव बदलायला किती खर्च येतो?

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात २८५ मुलींचं एकाच दिवशी बारसं झालं. बारसं म्हणायचं खरं, पण यातल्या बऱ्याच जणी शाळेत जाणाऱ्या होत्या. त्या दिवसापर्यंत सगळ्यांचं नाव साधारण एकच होतं : नकुसा, नकुशा किंवा नकोशी. म्हणजे 'नको असलेली'. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने गावोगाव फिरून अशा मुली शोधल्या. तेव्हाचे जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांचा यात पुढाकार होता. मुलींना नवं नाव, त्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलं मिळाली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. बातमी परदेशी वर्तमानपत्रांतही छापून आली.

वर्ष महत्त्वाचं आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली निघाल्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. गर्भलिंगनिदानावर कायदा होता, सोनोग्राफी सेंटरांवर छापे पडत होते. पण नकुसा ही त्याआधीची, मशीन नसतानाची गोष्ट. मुलींवर मुली झाल्या की शेवटच्या मुलीचं नाव नकुसा ठेवायचं, म्हणजे देवाला निरोप पोचतो आणि पुढच्या वेळी मुलगा होतो, अशी समजूत.

आपल्याकडे वाईट नावं मुलांनाही ठेवत, हे इथे सांगायला हवं. धोंडू, दगडू, केरू, भिकू. ज्या घरात मुलं जगत नसत तिथे नंतर झालेल्या मुलाला मुद्दाम असं नाव द्यायचे, म्हणजे मृत्यूची किंवा सटवाईची नजर त्याच्यावरून घसरून जाईल. वरवर दोन्ही प्रथा सारख्याच दिसतात, पण दगडू हे नाव त्या पोराला जगवण्यासाठी आहे. नकुसा हे नाव त्या मुलीसाठी नाहीच, ते तिच्या पाठीवर यायच्या भावासाठी आहे. तिच्या नावाची जागा घरच्यांनी दुसऱ्याच कामाला वापरली.

साताऱ्याला नावांच्या इतिहासात आणखी एक तारीख आहे. ७ नोव्हेंबर १९००. त्या दिवशी तिथल्या सरकारी शाळेच्या (आताचं प्रतापसिंह हायस्कूल) रजिस्टरमध्ये एका मुलाचं नाव चढलं, भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचं आडनाव सकपाळ, मूळ गाव कोकणातलं आंबडवे. गावावरून आंबडवेकर आणि मग आंबेडकर. आता ७ नोव्हेंबर राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मला त्यात वेगळंच काही दिसतं. तेव्हा शाळेच्या रजिस्टरमधली एक ओळ म्हणजे माणसाचं नाव होतं. ती ओळ लिहिली की झालं.

आज ती ओळ पुसायला काय लागतं ते बघा. आधी प्रतिज्ञापत्र. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात १०० रुपयांच्या स्टॅम्पची जागा ५०० रुपयांच्या स्टॅम्पने घेतली. मग राजपत्र, ज्याला आपण सगळे गॅझेट म्हणतो. शासकीय मुद्रण संचालनालयाकडे अर्ज, शुल्क, आणि मग भाग दोनमध्ये जुनं नाव आणि नवं नाव छापून येतं. ते हातात आलं की आधारचे ७५ रुपये, पॅनचे १०७, पासपोर्ट असेल तर १५००. रेशनकार्ड, बँक, मतदार यादी, एलआयसी यांना पैसे फारसे लागत नाहीत, हेलपाटे लागतात. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आणि शाळा सोडून गेलात तर तिथल्या जनरल रजिस्टरमध्ये सहसा कुणी हात लावत नाही. म्हणजे साताऱ्याच्या समारंभातली जी मुलगी अजून शाळेत होती तिचं काम त्यातल्या त्यात सोपं. जी तोवर चाळिशीला टेकली होती, तिला कुणी फूल द्यायला आलं नाही.

अशा एक मावशी आमच्या निघोज्यात राहतात. चाकण एमआयडीसीमुळे इथे खोल्यांच्या रांगाच्या रांगा आहेत, आणि त्यांत सातारा, बीड, लातूर, यवतमाळ सगळं शेजारी शेजारी नांदतं. मावशी ठेकेदाराकडे पॅकिंगच्या कामाला आहेत. रांगेत सगळे त्यांना सुनीता म्हणतात. हे नाव लग्नात मिळालं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने लिहिलं, आणि जुनं नाव संपलं. महाराष्ट्रातलं सगळ्यात स्वस्त नामांतर हेच. स्टॅम्प नाही, गॅझेट नाही, बाईला विचारणंही नाही. रेशनकार्ड, बँक, ठेकेदाराकडे भरलेला पीएफचा फॉर्म, सगळीकडे सुनीता. आधार काढताना मात्र शाळेचा दाखला दिला, त्यामुळे तिथे नकुसा. पीएफ काढायला गेल्या तेव्हा या दोन बाया एकमेकींना भेटल्या आणि पैसे अडकले.

मी पोटासाठी याच प्रकारचं सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून त्या मोबाईल घेऊन माझ्याकडे आल्या. दोन कागदांवरची नावं एकाच माणसाची आहेत का हे ठरवायला आम्ही अक्षरं मोजतो. किती अक्षरं बदलली की एका शब्दाचा दुसरा होतो, त्यावर गुण. नकुसाचं स्पेलिंग कुणी नकुशा केलं तर चालून जातं. नकुसाची सुनीता झाली तर मशीनला ती तोतया वाटते. टायपिंगची चूक आमच्या प्रोग्रामला कळते, लग्न कळत नाही. भारतात पहिलं आधार दिलं गेलं तेही महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी. साताऱ्याचा समारंभ त्यानंतर वर्षभराने झाला. एकीकडे माणसाला कायमचं एका नावाला बांधायचं काम सुरू झालं होतं आणि दुसरीकडे बांधण्याआधी काही नावं सुधारायची धडपड चालली होती, असं आता मागे वळून बघताना वाटतं.

कायदा हळूहळू माणसाच्या बाजूला सरकतोय, हेही खरं. ३ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या एका खटल्यात सांगितलं की स्वतःच्या नावावर माणसाचा ताबा असणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचं, हा राज्य सरकारचा निर्णयही आला. उद्या एखाद्या पोराच्या मार्कलिस्टवर मधोमध नकुसा असं छापलं जाईल. आजवर हे नाव पुढच्या पिढीच्या नावात येतच नव्हतं.

मी मावशींना गॅझेटचा सगळा हिशोब सांगितला. म्हटलं, एकदाच काय तो खर्च, मग सगळीकडे सुनीता. त्यांनी विचारलं, "त्यात जुनं नाव पण छापतेत का?" छापतात. तोच तर त्याचा उपयोग. "मंजे आतापर्यंत गावाला ठाऊक होतं, आता सरकार छापून सांगणार."

मग त्यांनी उलटा रस्ता धरला. पीएफमध्येच नकुसा करून घेतलं. ठेकेदाराची सही आणि जॉइंट डिक्लेरेशन, त्याला शुल्क नाही. बँकेतही तेच करायचं होतं, त्यासाठी दोन दिवसांची हजेरी बुडाली. मी विचारलं, चालेल का तुम्हाला हे नाव. त्या बराच वेळ डबा घासत राहिल्या. "माझ्या पाठीवर भाऊच झाला बघ," त्या म्हणाल्या. "आई म्हणायची, पोरीचं नाव लागू पडलं." भाऊ गावाकडे आहे, जमीन त्याच्या नावावर आहे. पीएफचा मेसेज आला तो नकुसाच्या नावाने, आणि तो वाचून दाखवायला त्यांनी मला बोलावलं तेव्हा रांगेतल्या बाकीच्या बायका 'ही नकुसा कोण' म्हणून विचारत होत्या.