कांदोळीचे आबे फारिया आणि छातीच्या शस्त्रक्रियेनंतरची वेदना

१/ पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी, एका स्त्रीवर हात पसरून उभ्या असलेल्या पाद्र्याचा पुतळा आहे. सिंधुदुर्गातून पणजीला जाणाऱ्या अनेकांनी तो पाहिला असेल. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत, वर्ष १९४५. वेदनाशमनाच्या इतिहासाशी या पाद्र्याचे नाते काय? #धागा

२/ आबे फारिया यांचा जन्म १७५६ सालचा, बार्देशातील कांदोळीचा. तेरेखोल खाडीपलीकडचाच मुलूख. मेस्मेरचे अनुयायी मानत की, संमोहनकर्त्याकडून अदृश्य चुंबकी द्रव वाहतो. फारियांनी पॅरिसमध्ये हे नाकारले. निद्रेचे कारण निद्रिस्ताच्याच मनात असते, हा त्यांचा सिद्धान्त. १८१९ मध्ये ग्रंथ निघाला. त्याच वर्षी ते वारले.

३/ १८२९, पॅरिस. शल्यविशारद ज्यूल क्लोके यांनी संमोहित वृद्धेचा कर्करोगग्रस्त स्तन कापून काढला. ईथर, क्लोरोफॉर्म यांचा शस्त्रक्रियेत वापर अजून व्हायचा होता. ती शांतपणे बोलत राहिली. मात्र काही दिवसांनी फुप्फुसावरणाच्या दाहाने ती दगावली.

४/ १८४५ पासून बंगालमध्ये जेम्स एस्डेल यांनी हाच मार्ग चोखाळला. पण संमोहनास वेळ फार लागे आणि ते प्रत्येकाला साधत नसे. १८४६ मध्ये बॉस्टनला ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि मिनिटांत गुंगी आणणाऱ्या औषधाने बाजी मारली.

५/ तरी एक प्रश्न उरलाच : शुद्धीवर आल्यानंतर काय? हात मोडला तर तो स्थिर ठेवता येतो. छाती कशी ठेवणार? वेदनेमुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो, न्यूमोनिया जडतो. मॉर्फिन वेदना शमवते, पण मात्रा वाढली की श्वासच मंदावते.

६/ उत्तर मज्जातंतूंपाशी सापडले. १९०५ मध्ये ह्यूगो सेलहाइम यांनी कण्याच्या कडेला, मज्जातंतूंच्या मुळाशी बधिरीकरण केले (पॅराव्हर्टेब्रल). १९२१ मध्ये फिदेल पाजेस यांनी मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध सोडण्याची पद्धत मांडली (एपिड्युरल).

७/ छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर दोन्हींचे वेदनाशमन जवळपास सारखेच, असे तुलनात्मक अभ्यास सांगतात. एपिड्युरलमध्ये रक्तदाब उतरणे, लघवी अडणे अधिक. एका बाजूपुरत्या पॅराव्हर्टेब्रलमध्ये हे त्रास कमी.

८/ मग फारिया कालबाह्य ठरले काय? चुंबकी द्रव इतिहासजमा झाला. मनाचा वाटा नव्हे. भीतीने वेदना वाढते, म्हणून भूलतज्ज्ञ आजही शस्त्रक्रियेआधी रुग्णाशी बोलतात. सुई मज्जातंतूला गाठते. धीराचे शब्द फारियांनी दाखवलेल्या ठिकाणी पोहोचतात.