निकाली हंगाम : महाराष्ट्राचा क्रिकेट संघ, 1948–49

जत्रेतला कुस्त्यांचा फड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ‘निकाली कुस्ती’ या शब्दाची किंमत सांगावी लागत नाही. दोन तुल्यबळ मल्ल घटका-दीड घटका झुंजावेत, माणसांनी पागोटी उडवावीत आणि शेवटी पंचांनी कुस्ती सोडवावी, म्हणजे पैसा आणि वेळ वाया गेला असे कोणी म्हणत नाही. परंतु घराकडे वळताना प्रत्येकाच्या मनात काहीतरी राहून गेल्याची रुखरुख असते. पाठ मातीला लागली म्हणजे मात्र ती रुखरुख राहत नाही. आज मी जी हकीकत सांगणार आहे ती क्रिकेटच्या एका हंगामाची आहे. तथापि तिचे माप मी फडातलेच घेणार आहे. कोण किती धावांनी जिंकला यापेक्षा कोणता खेळ निकाली झाला आणि कोणता अर्ध्यावर सुटला, हा माझा आजचा प्रश्न आहे.

कापूरहोळच्या फाट्यावरून ज्या भोरकडे रस्ता वळतो, त्या भोरचे संस्थान 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच सुमारास काठेवाडातील लहानमोठी संस्थाने एकत्र येऊन सौराष्ट्र संघराज्य उभे राहिले होते आणि राजकोटही त्यात सामील झाले होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या शब्दाने कारभार चालत असे, त्यांच्या हातून कारभार गेला. मान, पदवी आणि सवयी तेवढ्या मागे राहिल्या. क्रिकेटच्या हकीकतीत हे कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की त्या वर्षीच्या हिवाळ्यात, इथून मोटारीने तास-दीड तासाच्या वाटेवर, पुणे क्लबच्या मैदानावर जो प्रसंग घडला त्यात एका बाजूचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब.

त्या काळच्या रणजी सामन्यांत हे काही नवल नव्हते. 1934–35 साली ही स्पर्धा सुरू झाली, आणि पहिली पंधरा-वीस वर्षे नवानगर, बडोदे, होळकर असे संस्थानिकांच्या आश्रयावर पोसलेले संघ तिच्यात अग्रभागी होते. खेळाडूला नोकरी द्यावी, दरबारी हुद्दा द्यावा आणि संघात खेळवावे, ही रीतच होती. महाराष्ट्राच्या संघाची मोठी पुण्याई मात्र एका शिक्षकाची होती. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939–40 साली संयुक्त प्रांताला आणि 1940–41 साली मद्रासला हरवून लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. त्या दुसऱ्या विजयाच्या वेळी देवधरांनी वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी केलेली होती. 1948 साली ही दोन विजयांची पुंजी पुणेकरांच्या स्मरणात ताजी होती, आणि तिसऱ्या विजयाची वाट पाहण्यात काही गैर नव्हते.

हंगामाकडे वळण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो जमाना धावांच्या महापुराचा होता. खेळपट्ट्या फलंदाजाची बाजू घेणाऱ्या, गोलंदाजाच्या कष्टांना दाद न देणाऱ्या. 1943–44 मध्ये विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्धच नाबाद 359 धावा केल्या होत्या. 1945–46 मध्ये होळकरांच्या संघाने म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 धावांचा डोंगर रचला. 1946–47 च्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद या बडोद्याच्या जोडीने 577 धावांची भागीदारी केली. अशा काळात मोठी धावसंख्या हेच काही मोठेपणाचे लक्षण नव्हे. म्हणून मी पुढे जे आकडे सांगेन ते केवळ थक्क होण्यासाठी नव्हेत. त्यांच्याभोवती माणसे कशी वागली, ते पाहण्यासाठी आहेत.

डिसेंबर 1948. पुण्याला महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. काठेवाडचा पहिला डाव 238 धावांत आटोपला. महाराष्ट्राचा पहिला गडी बाद झाल्यावर के. व्ही. भांडारकर यांच्या जोडीला आले भाऊसाहेब निंबाळकर. कोल्हापूरचे, वय नुकतेच एकोणतीस पूर्ण झालेले. फलंदाजी करीत, गोलंदाजी टाकीत आणि वेळ पडली तर यष्टिरक्षणही करीत, असे सर्वांगी खेळाडू. या जोडीने 455 धावा जोडल्या. दुसऱ्या गड्यासाठी जगातली सर्वांत मोठी भागीदारी तोपर्यंत ब्रॅडमन आणि पॉन्सफर्ड यांची होती: 451 धावा, 1934 सालची, ओव्हलच्या मैदानावरची. ती पुण्याला मागे पडली. भांडारकर 205 धावा करून परतले. निंबाळकर खेळत राहिले.

तिसऱ्या दिवशी धावफलकावर महाराष्ट्राच्या 4 बाद 826 धावा लागल्या होत्या आणि निंबाळकर 443 वर नाबाद होते. 494 मिनिटांत 49 चौकार आणि 1 षटकार. जगात या प्रतीच्या सामन्यांत याहून मोठा डाव एकच होता: डोनाल्ड ब्रॅडमन यांचा नाबाद 452, जानेवारी 1930 मध्ये सिडनीला केलेला. त्याची बरोबरी करायला 9 धावा हव्या होत्या, तो ओलांडायला 10. एवढ्यात खेळाची मधली सुट्टी झाली, आणि त्या सुट्टीत काठेवाडच्या कर्णधारांनी सांगितले की झाल्या तेवढ्या धावा पुष्कळ झाल्या. तुम्ही डाव सोडा, नाहीतर आम्ही निघतो. आणखी दोन षटके खेळू द्यावीत, अशी विनंती महाराष्ट्राच्या बाजूने करण्यात आली असे सांगतात. ती मान्य झाली नाही. काठेवाडने सामना सोडून दिला. सुट्टी संपली, पण खेळ पुन्हा सुरू झालाच नाही.

ठाकोरसाहेबांची बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. सामना त्यांच्या हातून केव्हाच गेला होता. नियमाप्रमाणे पहिल्या डावातल्या आघाडीवरही निर्णय लागत असे, आणि इथे आघाडी जवळजवळ सहाशेची झालेली. आपली माणसे उन्हात पळत आहेत आणि समोर एक मनुष्य स्वतःच्या विक्रमाकडे चालला आहे, हे पाहत राहणे कोणत्याही कर्णधाराला जड जाईल. सामना सोडण्याला नियमांची आडकाठी नव्हती. एवढे सगळे खरे असूनही आपल्या गल्लीतली पोरे या प्रकाराला काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे: रडीचा डाव खडी. ज्याला हरायचे नाही त्याच्याशी कोणी खेळत नाही, हा त्या पोरांचा कायदा आहे, आणि मला तो पुष्कळशा लेखी कायद्यांहून शहाणा वाटतो. राजकोटच्या गादीचा त्यात दोष होता असे मी म्हणणार नाही. परंतु आपण उठलो म्हणजे बैठक संपली, ही सवय दरबारातली आहे, मैदानातली नव्हे.

आता दोन महिने पुढे चला. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारतात आला होता. फेब्रुवारी 1949 मध्ये मुंबईला पाचवा कसोटी सामना झाला. भारताला जिंकायला 361 धावा हव्या होत्या. तोवर भारताने एकही कसोटी जिंकलेली नव्हती. विजय हजारे यांनी 122 धावा केल्या. शेवटी दत्तू फडकर नाबाद 37 वर लढत होते. 8 बाद 355 झाल्या. सहा धावा उरल्या, आणि पंचांनी वेळ संपल्याची खूण करून यष्टींवरच्या दांड्या उचलल्या. घड्याळात तेव्हा दीड मिनिट शिल्लक होते आणि चालू षटकातला एक चेंडूही टाकायचा राहिला होता, असे त्या सामन्याचे वृत्तान्त सांगतात. भारताला पहिल्या कसोटी विजयासाठी आणखी तीन वर्षे थांबावे लागले. पुण्याला एका कर्णधाराने खेळ तोडला. मुंबईला तो घाईने तुटला. कारणे निराळी, रुखरुख तीच.

आणि मग मार्च 1949. पुन्हा पुणे, पुन्हा महाराष्ट्र, समोर मुंबई. रणजी स्पर्धेचा हा उपान्त्य सामना होता आणि तो निकाल लागेपर्यंत खेळायचा होता. हा सामना मला त्या हंगामाचा कळस वाटतो, आणि त्यात महाराष्ट्र हरला आहे.

मुंबईने प्रथम 651 धावा केल्या. माधव मंत्री 200, उदय मर्चंट 143, फडकर 131. महाराष्ट्राने 407 केल्या, त्यांत एम. सी. दातार 143 आणि एम. आर. रेगे 133. मुंबईकडे 244 धावांची आघाडी होती. तरीही ती पुन्हा फलंदाजीला उतरली आणि दुसऱ्या डावात 8 बाद 714 करून थांबली: मर्चंट 156, फडकर 160. म्हणजे महाराष्ट्राच्या खेळाडूंनी दोन डावांत मिळून 1365 धावांमागे धाव घेतली, आणि तेवढे झाल्यावर त्यांना सांगण्यात आले की जिंकायचे असेल तर आता 959 करा.

959! हा आकडा ऐकून कोणाही शहाण्या माणसाने आपली पिशवी उचलली असती. डिसेंबरमध्ये काठेवाडपुढे जी निराशा होती, तिच्याहून ही काही लहान नव्हती. महाराष्ट्राचे लोक हातपाय गाळून दीडशे-दोनशेत बाद झाले असते, तरी कोणी नाव ठेवले नसते. परंतु ते खेळले. रेगे यांनी पुन्हा शतक केले, बरोबर 100. एस. डी. देवधर यांनी 146 केल्या. सगळा संघ बाद होईपर्यंत धावफलकावर 604 धावा लागल्या होत्या. सामना मुंबईने 354 धावांनी जिंकला.

चौथ्या डावात 604 हा आकडा केवढा, ते पाहा. तोपर्यंतच्या इतिहासात चौथ्या डावात याहून अधिक धावा एकदाच झाल्या होत्या: 1939 साली डर्बनला इंग्लंडने केलेल्या 5 बाद 654. तोही सामना वेळेची मर्यादा नसलेला, आणि तोही निकालाविना सुटलेला. कारण इंग्लंडच्या खेळाडूंना मायदेशी जाणारी बोट गाठायची होती. पुण्याच्या सामन्यात एकंदर 38 गडी बाद झाले, 9 शतके झाली आणि 2376 धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या धावा त्यापूर्वी कधी झाल्या नव्हत्या, आणि त्यानंतर आजपर्यंत झालेल्या नाहीत. मुंबईने पुढे अंतिम सामन्यात बडोद्याला 468 धावांनी हरवून करंडक नेला.

मला सांगायचे आहे ते इथे. हा विक्रम कोणाचा? मुंबईच्या वाट्याच्या 1365 धावा मोठ्या खऱ्याच. परंतु पुढच्या 1011 धावा हरणाऱ्याने केलेल्या आहेत. महाराष्ट्राने दुसऱ्या डावात अंग काढून घेतले असते, तर हा सामना जेत्याच्या वहीतली एक नोंद होऊन राहिला असता. त्याला इतिहासात जागा मिळाली ती हरणारा शेवटच्या गड्यापर्यंत उभा राहिला म्हणून. उलट, डिसेंबरमध्ये महाराष्ट्र जिंकला, त्याचा मोठेपणा अपुरा राहिला, कारण हरणारा निघून गेला. जिंकणाऱ्याचे यशसुद्धा हरणाऱ्याच्या हातात असते, हे एकाच मैदानाने तीन महिन्यांच्या अंतराने दोन्ही बाजूंनी शिकवले.

निंबाळकरांचे पुढे काय झाले? ते बरीच वर्षे खेळले, होळकरांकडून आणि रेल्वेकडूनही खेळले. परंतु भारताकडून एकही अधिकृत कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही. 1959 साली हनीफ महंमद यांनी 499 करून ब्रॅडमनचा विक्रम मोडला. 1994 साली ब्रायन लारा यांनी नाबाद 501 केल्या. त्या दिवशी सामन्याचा निकाल लागण्याची काही आशा उरलेली नव्हती. तरी समोरचे डरहॅमचे खेळाडू अखेरपर्यंत मैदानात राहिले. लारांचा विक्रम त्यांच्या बॅटीने झाला, तसा तो त्या अकरा थकलेल्या माणसांच्या पायांनीही झाला. निंबाळकर डिसेंबर 2012 मध्ये, त्र्याण्णव वर्षे पूर्ण व्हायला एक दिवस उरला असताना वारले. भारतीयाने केलेला सर्वांत मोठा डाव म्हणून 443 ही संख्या अजून उभी आहे. रणजी स्पर्धेत चारशेच्या पार दुसरे कोणी गेलेले नाही.

आणि काठेवाड? त्याचा वारसा सांगणारा सौराष्ट्राचा संघ 2019–20 आणि 2022–23 या दोन्ही साली रणजी विजेता झाला. महाराष्ट्र मात्र देवधरांच्या त्या दोन विजयांपुढे अद्याप सरकलेला नाही. तिसऱ्या विजयाची वाट आपण पाहतोच आहोत. तेव्हा एका दिवसाच्या वागण्यावरून एखाद्या प्रांताला कायमचे नाव ठेवणे हा शहाणपणा नव्हे.

1948 साली संस्थाने गेली आणि कारभार चारचौघांच्या हाती आला. चारचौघांचा कारभार म्हणजे तरी काय? कोणीतरी जिंकायचे, कोणीतरी हरायचे, आणि हरलेल्याने दार आपटून निघून न जाता पुढच्या डावासाठी बसून राहायचे. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत सारा संसार या एका सवयीवर उभा आहे. राजाला ती शिकावी लागली नव्हती. आपल्याला शिकावी लागते, आणि अजून ती पुरती अंगवळणी पडली आहे असे मी म्हणणार नाही. म्हणून 826 पेक्षा मला ती 604 अधिक मोलाची वाटते. ती कुस्ती हरलेली होती, पण निकाली होती.