वेताळाची शाई

राक्षस, हडळी, यक्षिणी, उडते घोडे यांची चित्रं काढण्यावर माझं घर चालतं. वेताळ एवढा काळाकुट्ट का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं असतं : ब्लॉकमेकरमुळे.

खिळ्यांच्या छपाईत चित्र छापायचं म्हणजे जस्ताचा ब्लॉक लागे. चित्राची निगेटिव्ह काढून ती रसायन लावलेल्या पत्र्यावर उतरवत आणि पत्रा नायट्रिक ॲसिडमध्ये सोडत. रेषा शाबूत राही, बाकीचं जस्त ॲसिड खाऊन टाकी. जे उंच राहिलं ते काळं, जे खोल गेलं ते कोरं. मधलं काही नाहीच. राखाडी छटा हवी तर जाळीच्या ठिपक्यांचा हाफटोन करायचा, पण स्वस्त मासिकाच्या खरबरीत कागदावर त्याचा चिखल व्हायचा. मग सावली रेषांनीच विणायची आणि भीती दाखवायची तर सरळ काळं भरायचं. तेही बेतानं. रेष फार नाजूक झाली तर ॲसिडच्या तोंडी जाई, जाळी फार दाट झाली तर शाईनं बुजे. मूळ चित्र मोठं काढून ब्लॉकला लहान करायची रीत होती, त्यात हाताची थरथर लपून जाई. आमच्या भुतांचा निम्मा दरारा त्या ॲसिडच्या तसराळ्यातून आलाय, असं माझं मत आहे.

१९४७मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेलं मासिक १९५२मध्ये ‘चांदोबा’ होऊन मराठीत आलं. हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेऊन चाललेला विक्रम राजा त्यात शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, यांनी अनेक दशकं काढला. १९६७मध्ये अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ सुरू झाली. राम वाईरकर, प्रताप मुळीक ही त्यातली आपली माणसं. मुळीकांनी पुढे ‘राज कॉमिक्स’चा नागराजही काढला. तोवर ऑफसेट आलं होतं, रंग सहज छापता येत होते, तरी पात्राभोवतीची ब्रशची काळी रेष कोणी सोडली नाही. वाचकाच्या डोळ्याला तीच सवय झाली होती. शाईही घरचीच म्हणायची : दांडेकर बंधूंनी १९३१मध्ये ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुडीपासून सुरुवात केली, त्याचीच पुढे कॅम्लिन झाली.

शाईची बाटली टेबलावरून गेली ती जपानमुळे. १९८३मध्ये स्थापन झालेल्या वॅकॉमनं बिनतारेचं, बिनबॅटरीचं पेन काढलं. ज्या पाटीवर त्यानं चित्र काढायचं, तिच्यातल्या तारांच्या जाळ्यातूनच त्याला वीज मिळते. पण हात पाटीवर आणि नजर पडद्यावर, हा तिरपागडा प्रकार बरीच वर्षं चालला. २००१च्या सुमारास वॅकॉमचाच सिंटिक हा पडदा आला आणि थेट पडद्यावर रेघ ओढणं रुळू लागलं. त्याच सुमारास सेल्सिसचं ‘कॉमिकस्टुडिओ’ हे चित्रकथांचं सॉफ्टवेअरही आलं. त्यात मांगावाल्यांची, म्हणजे जपानी कॉमिक्स काढणाऱ्यांची, जी-पेन, मारू-पेन अशी निबं हुबेहूब होती आणि छटेसाठी ठिपक्यांचे पडदेसुद्धा. म्हणजे पडद्यावर लक्षावधी रंग असताना लोक पुन्हा छपाईतल्या त्या ठिपक्यांकडेच वळले! मला याची गंमत वाटते.

माझे प्रयोग याच वाटेनं जातात. सॉफ्टवेअरमध्ये रेष स्थिर करायची सोय असते. हात थरथरला तरी रेष गुळगुळीत येते. अप्सरेच्या कमरेला ती ठीक, वेताळाला मी ती साफ बंद करतो. त्याच्या जटांसाठी सुक्या ब्रशची नक्कल घेतो, दाबाचा आलेख असा ताणतो की हलक्या हाताला रेष तुटावी आणि जोर दिला की एकदम फुगावी. जटा मुळाकडून टोकाकडे एका झटक्यात ओढायच्या, ‘अनडू’ करायचं नाही. सगळं एकाच लेअरवर. मग खोडरबरानं काळ्यातून पांढरे केस ओरबाडून काढायचे. पूर्वी हेच काम पोस्टर व्हाइटनं होई. जटांमधून दिसणारा डोळा शेवटी. तो कोरा कागदच असतो, फक्त भोवतीचं काळं नीट थांबवायचं.

प्रेसला फाइल देताना राखाडी कडा ठेवून चालत नाही. छपाईत त्या कडांचे ठिपके होतात आणि रेष केसाळ दिसते. म्हणून रेखाचित्र १२०० डीपीआयला, निव्वळ काळं-पांढरं करून पाठवतो. मधलं काही नाहीच.