डिंगमारांचं निशाण आणि चोळमंडळाची चीट

अठराव्या शतकात अ‍ॅमस्टरडॅम किंवा लंडनमधल्या सधन घरात पलंगावर फुलावेलींचा सुती पलंगपोस पसरलेला दिसला, की तो आपल्या पूर्व किनाऱ्यावरून आला असण्याची शक्यता मोठी होती. उत्तरेला मच्छलीपट्टणमपासून दक्षिणेला नागपट्टणमपर्यंतच्या चोळमंडळ किनाऱ्यावर चितारलेल्या या कापडाला आपण चीट म्हणतो. तिच्या कुळकथेतला एक मोठा अध्याय तंजावरच्या मराठ्यांच्या मुलखात घडला, आणि तो लढायांच्या काळात घडला.

आधी चीट कशी होई ते पाहू. कोरं कापड धुऊन, उन्हात टाकून शुभ्र करायचं. मग ते हिरड्याच्या काढ्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं. हिरड्यामुळे रंग धाग्याला धरतो, दुधातल्या स्निग्धतेमुळे रेघ पसरत नाही. लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या पाण्यानं बांबूच्या कलमानं काळी रेघ ओढायची. जिथे लाल हवा तिथे तुरटीचं पाणी भरायचं आणि कापड ‘सायवेर’ नावाच्या मुळ्यांबरोबर उकळायचं. तुरटी लागलेल्या जागीच लाल चढतो, उरलेली जागा पुन्हा उन्हात आणि पाण्यात उजळून निघते. निळ्यासाठी बाकी सगळं कापड मेणानं झाकून निळीच्या रांजणात बुडवायचं, आणि हिरवा हवा असेल तिथे निळ्यावर पिवळा चढवायचा. एका ठाणाला अनेक आठवडे लागत, कारण प्रत्येक रंगानंतर धुणं आलं आणि प्रत्येक धुण्यानंतर वाळवणं आलं.

या खटाटोपाचं फळ असं, की कापड कितीही धुतलं तरी रंग जात नसे. युरोपातले रंगारी लोकर आणि रेशीम सुरेख रंगवत, पण सुतावर पक्का लाल चढवणं सतराव्या शतकात त्यांना साधलेलं नव्हतं. त्यामुळे ही हलकी, धुता येणारी, फुलांनी भरलेली वस्त्रं तिथे पोचताच त्यांचं वेड लागलं. आधी पलंगपोस आणि पडदे झाले, मग झगे आणि पुरुषांचे घरात घालायचे सैल अंगरखे. हॉलंडमधल्या हिंडेलोपन गावात तर चीट तिथल्या पारंपरिक पोशाखाचाच भाग झाली.

तिकडच्या विणकरांना अर्थातच हे सहन होईना. फ्रान्सनं १६८६ साली चितारलेल्या व छापील सुती कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडच्या पार्लमेंटनं १७०० मध्ये एक आणि १७२१ मध्ये दुसरा, अधिक कडक कायदा केला. १७१९ साली लंडनच्या रस्त्यांवर विणकरांनी चिटाचे झगे घातलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे फाडले होते. पण इंग्लंडच्या बंदीत एक दार उघडं ठेवलेलं होतं: कापड आणून गोदामात ठेवावं आणि परदेशी विकावं, याला मुभा होती. त्यामुळे चीट आफ्रिकेत, अमेरिकेत आणि युरोपच्या इतर बाजारांत जातच राहिली. फ्रेंचांनी तिचं तंत्र उचलण्याचा चंग बांधला. १७३४ च्या सुमारास पाँडिचेरीत एका फ्रेंच नाविक अधिकाऱ्यानं चीट रंगवण्याची प्रत्येक पायरी टिपून ठेवली, आणि १७४२ साली जेझुइट पाद्री केर्दू यांनी हीच कृती पत्रानं मायदेशी कळवली.

आता तंजावरच्या किनाऱ्याकडे येऊ. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकानं तरंगंबाडीची जागा डेन्मार्कच्या लोकांना दिली. तिथे त्यांनी डान्सबोर्ग किल्ला बांधला आणि ते तंजावरच्या राजाला वार्षिक रक्कम देऊ लागले. पुढे, १६७५-७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर आले आणि ही रक्कम मराठ्यांकडे येऊ लागली. नागपट्टणम १६५८ पासून वलंदेजांकडे, म्हणजे डचांकडे होतं. १७३९ मध्ये फरासीस, म्हणजे फ्रेंच, कारैकलला आले, १७४९ मध्ये इंग्रजांनी देवीकोट्टई घेतलं. कावेरीच्या मुखाशी, अगदी थोड्या अंतरात चार टोपीकरांच्या, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांच्या, वखारी उभ्या राहिल्या. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची नावं येतात, त्यांत डिंगमार म्हणजे हे डेन्मार्कवालेही आहेत. या व्यापाऱ्यांच्या पाठीशी त्यांचे राजे उभे आहेत, हा आज्ञापत्राचा इशारा तंजावरच्या किनाऱ्यानं अनुभवला.

टोपीकरांचे राजे युरोपात भांडले, की इथल्या समुद्रात तोफा सुटत. नागपट्टणमसमोर इंग्रज आणि फ्रेंच आरमारं तीनदा भिडली: १७४६, १७५८ आणि १७८२. १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लालीनं पैशांच्या मागणीसाठी थेट तंजावरला वेढा घातला. प्रतापसिंहराजांच्या फौजेनं तो हाणून पाडला आणि आपलं आरमार मागे हटल्याचं कळताच लाली कारैकलकडे परतला.

अशा काळात चिटाचा धंदा कसा चाले? या किनाऱ्याला मोठं बंदर नाही. जहाजं खोल पाण्यात नांगर टाकत आणि काथ्यानं शिवलेल्या मसुला होड्या लाटांतून कापडाचे गठ्ठे तिथवर पोचवत. ईशान्य मोसमी वादळांच्या आत, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, किनारा सोडावा लागे. व्यापारी विणकराला आणि रंगाऱ्याला आगाऊ उचल देत, माल महिन्यांनी हाती येई, आणि युरोपातला पैसा त्याहून कितीतरी उशिरा. युद्ध पेटलं, की या लांब साखळीची कुठलीही कडी तुटे. शत्रूचं खासगी लढाऊ गलबत वाटेत माल लुटे, विम्याचा दर चढे, वखारीत रोकड संपे, आणि उचल मिळाली नाही की माग थांबे.

पण एक निशाण असं होतं, ज्याच्याखालून माल सुखरूप जाई. डेन्मार्क या युद्धांत तटस्थ राहिला. १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूनं इंग्लंडविरुद्ध उतरला, १७८० च्या अखेरीस हॉलंडही त्यात ओढला गेला, आणि इंग्लंड व हे दोन देश एकमेकांची जहाजं धरू लागले. डॅनिश निशाण मात्र तटस्थ असल्यानं त्याच्याखालचा माल बराच सुरक्षित असे. १७७२ च्या नव्या सनदेनं डेन्मार्कनं भारताचा व्यापार खासगी व्यापाऱ्यांनाही खुला केला होता. कोपनहेगनच्या लिलावांत भारतीय कापडाचे ढीग लागू लागले आणि तिथून ते युरोपभर फिरू लागले. या मालाचा मोठा हिस्सा बंगालमधल्या सेरामपूरहून जाई, पण तरंगंबाडीचंही भाग्य उजळलं.

यातला भांडवलाचा भाग विचार करायला लावणारा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रज नोकरांनी भारतात गोळा केलेला खासगी पैसा मायदेशी न्यायचा असे. ते हा पैसा इथे डॅनिश व्यापाऱ्यांना देत, त्यातून कापड खरेदी होई, ते कोपनहेगनला विकलं जाई, आणि युरोपात हुंडीनं रक्कम इंग्रजाच्या हाती पडे. म्हणजे कापड विणलं तमिळ साळ्यानं, पैसा आला कंपनीच्या नोकराचा, निशाण डिंगमारांचं, आणि गिऱ्हाईक कदाचित फ्रान्सचं. एकमेकांशी लढणाऱ्या देशांची फॅशन अशी एकाच गठ्ठ्यात बांधलेली होती.

त्याच वर्षांत कावेरीच्या खोऱ्यात काय चाललं होतं, हे याच्या शेजारी ठेवूनच वाचायला हवं. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबानं इंग्रजी फौजेच्या बळावर तंजावर घेतलं. १७७६ मध्ये ते तुळजाजीराजांना परत मिळालं. पाच वर्षांत, १७८१ साली, हैदरअलीची फौज या मुलखावर उतरली. कालवे फुटले, गुरं हाकलून नेली, माणसं पळाली किंवा पकडून नेली गेली. तरंगंबाडीहून आलेला मिशनरी श्वार्ट्झ तंजावरमध्ये धान्य साठवून उपाशी लोकांना जेवू घालत होता. कोपनहेगनचा बाजार तेजीत असताना ज्यांच्या मागांवर हा व्यापार उभा होता, ते उपासमारीत होते. तटस्थतेचं संरक्षण जहाजाला मिळालं, विमा गठ्ठ्याला मिळाला, साळ्याला आणि रंगाऱ्याला दोन्हींतलं काहीच मिळालं नाही. या कुळकथेतून मला सर्वांत ठळकपणे सांगावंसं वाटतं ते हेच. युद्धात फॅशनचा धंदा थांबला नाही, फक्त जोखीम खाली ढकलत ढकलत शेवटच्या हातावर येऊन थांबली.

शेवटही युद्धानं आणि यंत्रानं मिळून केला. १७८३ मध्ये थॉमस बेलनं तांब्याच्या कोरीव रुळावर कापड छापण्याची युक्ती पेटंट केली, आणि आठवड्यांचं काम यंत्र तासांत करू लागलं. नेपोलियनच्या युद्धांत डेन्मार्कची तटस्थताही उरली नाही. इंग्रजांनी तरंगंबाडी १८०१ मध्ये काही काळ आणि पुन्हा १८०८ ते १८१५ ताब्यात घेतली. १८४५ मध्ये डेन्मार्कनं तरंगंबाडी आणि सेरामपूर इंग्रजांना विकून टाकलं.

परदेशी गिऱ्हाईक गेलं, तरी कलम तंजावरमधून गेलं नाही. कुंभकोणमजवळच्या कोडालीकरुप्पूर गावात मराठा राजघराण्यासाठी साड्या आणि शेले होत. सुतात जर गुंफून बुट्टे विणायचे, मग त्या विणलेल्या कापडावर मेण आणि कलमानं रंग चढवायचा, म्हणजे गर्द लालातून जर चमकते. विणणं आणि चितारणं या दोन्ही कलांचा इतका बारीक मेळ भारतात फार क्वचित दिसतो. १८५५ मध्ये तंजावरचे शिवाजीराजे पुत्रहीन वारले, डलहौसीनं गादी खालसा केली, आणि साडीचा आश्रयदाता संपला. आज ती साडी संग्रहालयांत पाहावी लागते. कलमकारी मात्र देवळांनी जगवली. रथाला लटकवायची गोल तोंबै, गाभाऱ्यासमोरची छतं, पडदे ही कामं याच भागात, सिक्कलनायक्कनपेट्टईसारख्या गावात, थोडी कुटुंबं अजून करतात. २०२१ मध्ये करुप्पूर कलमकारीला भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

तंजावर म्हटलं की आपण सर्फोजीराजे, सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख आठवतो. त्या अभिमानात करुप्पूरच्या साळ्याला आणि रंगाऱ्यालाही जागा हवी, कारण राजवस्त्रं त्यांच्या हातांनी झाली आणि समुद्रापलीकडच्या बाजारात या किनाऱ्याचं नाव त्यांच्यासारख्या हातांनी नेलं. तंजावरच्या मराठा राजवाड्याच्या कारभाराची मोडी कागदपत्रं मोठ्या संख्येनं तिथे जपून ठेवलेली आहेत. मोडी वाचू शकणारे आणि कापडाची जाण असणारे मराठी अभ्यासक त्यांच्याकडे वळले, तर राजांच्या वंशावळीइतकीच काळजीपूर्वक या कारागिरांची कुळकथाही लिहिता येईल. ते काम आपल्या भाषेत आहे, आणि म्हणून ते आपलं आहे.