फ्रँकलिनची ठिपक्यांची वही

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फिलाडेल्फिया येथे मुद्रकाचा व्यवसाय करणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनने सर्वस्वी निर्दोष होण्याचा संकल्प सोडला. मिताहार, मौन, सुव्यवस्था इत्यादी १३ गुणांची यादी करून त्याने एक लहानशी वही आखली. प्रत्येक पानावर वारांचे ७ उभे रकाने व गुणांच्या १३ ओळी. दिवसाकाठी जी चूक घडे तिच्यासाठी एक काळा ठिपका. दर आठवड्यास एका गुणाकडे विशेष लक्ष, म्हणजे वर्षात ४ आवर्तने. रायडर कॅरोल याने २०१३ साली लोकांपुढे मांडलेल्या ‘बुलेट जर्नल’शी या वहीचे नाते उघड आहे.

नव्या आवर्तनासाठी जुने ठिपके खरडता खरडता कागदास भोके पडली. तेव्हा त्याने हस्तिदंती पाने घेतली. त्यांवरील शिसपेन्सिलीचे ठिपके ओल्या स्पंजाने पुसता येत. सुव्यवस्था मात्र त्यास कधीच नीट साधली नाही. हे सारे त्याने १७८४ साली, अमेरिकेचा वकील म्हणून परमुलखी असताना, पॅरिसजवळील पासी येथे लिहून ठेवले. पूर्णत्व लाभले नाही, तरी प्रयत्नाने आपण अधिक चांगले व सुखी झालो, अशी त्याची ग्वाही आहे.

आमच्या कामाविषयीचे गोपनीय शेरे वरिष्ठ लिहितात; बदलीच्या गावी कान धरणारे वडीलधारे जवळ नसतात. अशा वेळी स्वतःवरचा शेरा स्वतःच लिहावा लागतो. म्हणूनच कोऱ्या, देखण्या वहीपेक्षा खरडून भोके पडलेली वही आम्हांस अधिक खरी वाटते.