दिव्याचं आयुष्य, दिव्याची किंमत

बुऱ्हाणपूरचा इतिहास म्हटला की मुमताज महल येते, शाही हमाम येतो, जमिनीखालून शहराला पाणी देणारा कुंडी भंडारा येतो. घराघरात लागणाऱ्या दिव्याचा इतिहास मात्र बायकांच्या हिशेबाच्या वहीतच राहतो.

आपल्याकडे दिवस असतानाच जेवण उरकायची रीत. दिव्यावर झेप घेणारा जीव ताटात पडू नये ही काळजी जुनी. तरी निवडणं, शिवण, मुलांचा अभ्यास, सगळं दिव्याखालीच होतं. आणि कितीतरी वर्षं तो दिवा म्हणजे साठ वॅटचा पिवळा बल्ब. वीज खायचा, त्यातली बहुतेक उष्णतेतच घालवायचा, आणि साधारण १००० तासांत उडायचा. रोज पाच तास लावला तर साडेसहा महिने!

हे हजार तास काही निसर्गाने ठरवले नव्हते. १९२४ साली जिनिव्हात जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी ‘फीबस’ नावाची युती केली आणि बल्ब हजार तासांहून फार टिकू नये असं ठरवलं. ज्याचा जास्त टिकेल त्या कंपनीला दंड! घरात टिकाऊ वस्तू शोधणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटेल ते मी सांगायला नको.

आमच्याकडे विजेचा खरा धडा मिळाला तो नोव्हेंबर २००० नंतर. छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली. २००३ची निवडणूक ‘बिजली, सडक, पानी’वर लढली गेली. तेव्हा इन्व्हर्टर असलेल्या घरात बल्ब बदलण्याचा अर्थ वेगळा होता: एका साठ वॅटच्या जागी चार सीएफएल लागत. पण सीएफएल महाग. म्हणूनच २००९ मध्ये सरकारने ‘बचत लॅम्प योजना’ आणली. जुना बल्ब द्या, १५ रुपयांत सीएफएल घ्या. त्यात थोडा पारा असतो, फुटला तर खिडक्या उघडायच्या, ओल्या कापडाने टिपून घ्यायचं, झाडू नाही मारायचा. हे मात्र फार कुणी सांगितलं नाही.

मग २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना आली. सरकारी खरेदीत एलईडीचा भाव ३१० रुपयांवरून दोन-अडीच वर्षांत चाळिसाच्या खाली आला. आता हिशेब बघा. साठ वॅटचा बल्ब रोज पाच तास म्हणजे वर्षाला सुमारे ११० युनिट. नऊ वॅटचा एलईडी सोळा-सतरा. युनिट सहा रुपये धरला तरी एका दिव्यामागे साडेपाचशे रुपये वाचतात. म्हणजे बल्बची खरी किंमत दुकानात नाही, बिलात असते.

राहिला आयुष्याचा प्रश्न. खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं, पण वर्षातच बल्ब लुकलुकायला लागतो. बहुधा जातो तो उजेडाचा कण नाही, बुडाशी असलेलं छोटं सर्किट; उष्णता आणि वरखाली होणारं व्होल्टेज त्याला मारतं. म्हणून बंद काचेच्या गोळ्यात किंवा चुलीच्या अगदी वर एलईडी लावू नये. बिल जपावं. आणि बल्ब लावल्याची तारीख त्याच्या बुडावर पेनाने लिहावी. दुकानदार ‘मॅडम, जुना झाला’ म्हणाला की फिरवून दाखवता येते.